रंगांची अंकलिपि

प्रत्येक व्यवसायाची स्वतःची अशी एक खुणेची भाषा असते. आगगाडीच्या गार्डाच्या हातांतील हिरवें व तांबडें निशाण काय सांगतें हें आपण सर्वच जाणतों. परंतु खलाशी डोलकाठीवर चढवितात त्या निशाणांचा अर्थ ज्याचा त्यासच ठाऊक. विजेच्या यंत्रांचें काम करणाऱ्या लोकांचीही अशीच एक भाषा आहे, व ती अक्षरांत नसून रंगांत आहे. घरांतील एखादा बिघडलेला रेडिओ किंवा मुलांचें मोडकें बॅटरीवरील खेळणें उघडून पाहिलें, तर आंत तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, दोन्ही टोकांस तारा असलेले, मातकट किंवा फिकट निळ्या रंगाचे चिमुकले नळकांड्यासारखे तुकडे दिसतात. प्रत्येकाच्या अंगावर चार-पांच रंगीत पट्टे असतात. बांगड्या भरलेल्या हातासारखे ते दिसतात, आणि पाहणारास वाटतें कीं, ही केवळ शोभा असावी. परंतु ती शोभा नव्हे. ती एक संख्या आहे. ती संख्या बरोबर वाचली तर दिवा पेटतो व वर्षानुवर्षें टिकतो. चुकीची वाचली तर तोच दिवा क्षणांत जळून जातो. ही अंकलिपि कशी वाचावी व ती ज्या गुणाचें माप सांगते तो गुण म्हणजे काय, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. यास गुणाकार व भागाकार यांपलीकडे गणित लागत नाहीं.

रोध म्हणजे काय ?

गच्चीवर पाण्याची टाकी आहे व तिला खालीं नळ जोडला आहे, अशी कल्पना करा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याचा दाब अधिक. नळ रुंद असेल तर पाणी भरभरून येतें. अरुंद असेल तर करंगळीएवढी धार लागते. नळ फार लांब असला, किंवा आंतून गंजून खडबडीत झाला असला, तरीही धार मंदावते. विजेचें असेंच आहे. बॅटरी ही टाकी होय. तिचा दाब व्होल्टमध्यें मोजतात. तारेंतून दर क्षणास किती वीज वाहते तो प्रवाह. तो ॲम्पिअरमध्यें मोजतात. आणि तार त्या प्रवाहास जो अडथळा करते, त्यास रोध असें म्हणतात. तो ओहममध्यें मोजतात.

रोध तीन गोष्टींवर अवलंबून असतो. तार दुप्पट लांब केली तर रोध दुप्पट होतो. तिच्या छेदाचें क्षेत्रफळ दुप्पट केलें तर रोध निम्मा होतो. आणि तिसरी गोष्ट तारेचा धातु. एक चौरस मिलिमीटर छेदाची शंभर मीटर तांब्याची तार घेतली तर तिचा रोध अवघा १.७ ओहमच्या सुमारास भरतो. तितक्याच मापाची नायक्रोमची, म्हणजे निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार घेतली तर रोध सुमारें ११० ओहम होतो. यासाठींच घरांत वीज नेण्यास तांबें वापरतात व विजेच्या शेगडींतील वेटोळें नायक्रोमचें करतात. एकास वीज निमूटपणें वाहून न्यावयाची आहे. दुसऱ्यास तिला अडवून तापावयाचें आहे.

एका शाळामास्तराचा शोध

दाब, प्रवाह व रोध यांचा परस्परांशीं संबंध काय, हें ज्यानें शोधून काढलें तो मनुष्य एका शाळेंतील शिक्षक होता. गेओर्ग झिमोन ओहम याचा जन्म १७८९ सालीं जर्मनींतील एर्लांगेन या गांवीं झाला. बाप कुलपें करणारा कारागीर. परंतु त्यानें स्वतः गणित शिकून आपल्या मुलांस शिकविलें. १८१७ सालीं ओहम कोलोन येथील जेझुइट विद्यालयांत गणित व पदार्थविज्ञान शिकवूं लागला. त्या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती, आणि वर्ग सुटल्यावर ओहम तेथें विजेचे प्रयोग करीत बसे.

त्याच्यापुढें अडचण अशी होती कीं, इटलींतील व्होल्टा यानें १८०० सालीं प्रसिद्ध केलेल्या धातूंच्या चकत्यांच्या बॅटरीचा दाब स्थिर राहत नसे. प्रयोग चालू असतांनाच तो उतरे. मोजणाराची फूटपट्टीच लहानमोठी होऊं लागली तर मोजमाप कसें व्हावें ? १८२१ सालीं झेबेक यानें असें दाखविलें होतें कीं, दोन निरनिराळ्या धातूंचे सांधे जोडून एक सांधा तापविला व दुसरा थंड ठेविला, तर त्यांतून वीज वाहूं लागते. ओहमनें हीच युक्ति घेतली. एक सांधा उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर व दुसरा बर्फांत. पाणी उकळण्याची व बर्फ वितळण्याची उष्णता ठरलेली, म्हणून विजेचा दाबही अढळ. मग त्यानें एकाच जाडीच्या परंतु निरनिराळ्या लांबीच्या तारा एकामागून एक जोडून प्रवाह मोजला. १८२७ सालीं त्यानें आपले विचार ग्रंथरूपानें बर्लिन येथें प्रसिद्ध केले. त्याच्या देशांतील विद्वानांनीं प्रथम त्या ग्रंथाची म्हणावी तशी कदर केली नाहीं. परंतु १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कॉप्ली पदक अर्पण केलें, १८५२ सालीं म्युनिक येथें त्यास प्राध्यापकाचें आसन मिळालें, आणि दोनच वर्षांनीं, १८५४ सालीं तो निवर्तला. पुढें १८८१ सालीं पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनें रोधाच्या मापास त्याचें नांव दिलें. आज जगांतील प्रत्येक रोधकाची किंमत त्या मास्तराच्या नांवानें उच्चारली जाते.

त्याचा नियम एका वाक्याचा आहे : दाबास रोधानें भागिलें असतां प्रवाह येतो. १२ व्होल्टची बॅटरी व ६ ओहमचा रोध असेल तर प्रवाह २ ॲम्पिअर. रोध दुप्पट केला तर प्रवाह एक ॲम्पिअर. तापमान न बदलतां धातूच्या तारेस हा नियम उत्तम लागू पडतो.

रोधक कशासाठीं ?

रोध म्हणजे अडथळा. मग मुद्दाम अडथळा विकत घेऊन तो मार्गांत बसवावयाचा कशास, अशी शंका येईल. परंतु बांध नसता तर पाटाचें पाणी सर्व वाफ्यांस सारखें कसें मिळालें असतें ? यंत्राच्या प्रत्येक भागास त्याला सोसेल तितकाच प्रवाह मिळावा, यासाठीं रोधक बसवितात. दुकानांत त्यास रेझिस्टर म्हणतात. कित्येक कारागीर तर त्यास नुसतें 'रेझिस्टन्स' म्हणूनच ओळखतात.

एक उदाहरण घेऊं. आजकाल आकाशकंदिलांत व खेळण्यांत जे एल्. ई. डी. दिवे असतात, त्यांपैकीं एक लहान तांबडा दिवा ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावावयाचा आहे. हा दिवा साध्या तारेसारखा वागत नाहीं. सुमारें २ व्होल्टपर्यंत तो जवळजवळ कांहींच प्रवाह घेत नाहीं. त्यानंतर दाब जरासा वाढला कीं प्रवाह एकदम उसळतो. त्यास २० सहस्रांश ॲम्पिअरहून अधिक प्रवाह बहुधा सोसत नाहीं. बॅटरीस तो तसाच जोडला तर जळून जाईल. म्हणून नऊपैकीं दोन व्होल्ट दिव्यासाठीं ठेवून उरलेले सात व्होल्ट रोधकावर खर्ची घालावयाचे. सातास ०.०२ नें भागिलें तर ३५० येतात. नेमका ३५० ओहमचा रोधक बाजारांत सहसा मिळत नाहीं. त्याच्या वरचा सोयीचा आंकडा ३९०. तो घेतला तर प्रवाह सुमारें १८ सहस्रांश ॲम्पिअर होतो, आणि दिवा सुखरूप राहतो. आतां पेटींतील शेंकडों रोधकांतून हा ३९० ओहमचा रोधक ओळखावा कसा ? येथेंच रंगांची लिपि उपयोगीं पडते.

आंकडे न छापतां रंग कां ?

रोधक लहान व गोल असतो. त्यावर आंकडे छापले तर ते वाचण्यास भिंग लागावें. शिवाय तो यंत्रांत बसवितांना छापलेली बाजू खालीं गेली तर आंकडे दिसणारच नाहींत, आणि डाख देतांना लागणाऱ्या उष्णतेनें व हाताळण्यानें ते पुसटही होतील. रंगाचा पट्टा मात्र अंगाभोंवतीं पूर्ण फिरलेला असतो. रोधक कसाही बसवा, तो कोणत्याही बाजूनें दिसतो. ही सोय ध्यानांत घेऊन अमेरिकेंतील रेडिओ तयार करणाऱ्यांच्या संघानें, रेडिओचा प्रसार झपाट्यानें होत होता त्या काळांत, रंगांची एक सर्वमान्य पद्धति ठरविली. त्या वेळच्या कित्येक रोधकांवर पट्टे नसत. सर्व अंगाचा रंग हा पहिला आंकडा, एका टोकाचा रंग दुसरा आंकडा आणि मध्यावरील ठिपका शून्यांची संख्या सांगे. जुना रेडिओ उघडल्यास असे रोधक अजूनही आढळतात. १९५२ सालीं आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगानें रंगांच्या पद्धतीस जागतिक प्रमाण म्हणून मान्यता दिली, म्हणून आज जपानांत तयार झालेला रोधक पुण्याच्या विद्यार्थ्यास वाचतां येतो.

वस्तूंवरून संख्या ओळखण्याची कल्पना आपल्याकडे मुळींच नवी नाहीं. आपले जुने गणिती व ज्योतिषी श्लोकांत आंकडे बसत नसत म्हणून त्यांच्या जागीं शब्द घालीत : आकाश म्हणजे शून्य, चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पांच. भास्कराचार्यांनीं लीलावतींत वर्तुळाचा परिघ सांगतांना १२५० ही संख्या ख, बाण व सूर्य या तीन शब्दांनीं दर्शविली आहे. ख म्हणजे शून्य, बाण पांच, सूर्य बारा. आणि हे आंकडे उजवीकडून डावीकडे मांडावयाचे. कोणत्या बाजूनें वाचावें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास उत्तर चुकीचें येईल. रंगांच्या लिपींतही हीच सावधगिरी लागते, हें पुढें दिसून येईल.

रंगांचा क्रम

रंगांचे आंकडे पुढीलप्रमाणें आहेत :

काळा ०
तपकिरी १
तांबडा २
नारिंगी ३
पिवळा ४
हिरवा ५
निळा ६
जांभळा ७
करडा ८
पांढरा ९

हा क्रम पाहतांच चतुर विद्यार्थ्यास इंद्रधनुष्य आठवेल. 'तानापिहिनिपाजा' हा शब्द आपण लहानपणीं पाठ केलेला असतो : तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. रोधकाच्या लिपींत पारवा तेवढा गाळला आहे, कारण निळ्या-जांभळ्यामधील तो रंग बारीक पट्ट्यावर ओळखणें कठीण. उरलेल्या सहा रंगांच्या अलीकडे काळा व तपकिरी आणि पलीकडे करडा व पांढरा असे जोडले आहेत. म्हणजे अंधारापासून उजेडापर्यंत चढत जाणारा हा जिना आहे. पाठांतरासाठीं दहा अक्षरें पुरेत : का-त, ता-ना-पि-हि-नि-जा, क-पां. मोजणी शून्यापासून करावयाची, म्हणजे 'का' शून्य, 'त' एक, 'ता' दोन, आणि शेवटचें 'पां' नऊ. 'त' व 'ता' यांत मात्र गल्लत करूं नये. ऱ्हस्व तो तपकिरी, दीर्घ तो तांबडा.

वाचण्याची रीत

चार पट्ट्यांचा रोधक घ्या. पहिले दोन पट्टे दोन आंकडे सांगतात. तिसरा पट्टा त्यांपुढें किती शून्यें द्यावयाचीं तें सांगतो. चवथा पट्टा, जो बहुधा सोनेरी किंवा रुपेरी असतो, तो किमतींत किती फरक पडूं शकतो याची कबुली देतो.

पिवळा, जांभळा, तांबडा, सोनेरी. पिवळा चार, जांभळा सात, सत्तेचाळीस. तांबडा दोन, म्हणून पुढें दोन शून्यें : ४७०० ओहम. हजारास किलो म्हणतात, म्हणून हाच रोधक ४.७ किलो-ओहमचा.

तपकिरी, काळा, नारिंगी : एक, शून्य, व पुढें तीन शून्यें. दहा हजार ओहम.

तपकिरी, काळा, काळा. येथें नवशिका हमखास चुकतो व शंभर म्हणतो. तिसरा काळा पट्टा शून्य लिहा असें सांगत नसून, एकही शून्य लावूं नका असें सांगतो. म्हणून उत्तर दहा ओहम.

दहापेक्षां लहान किमतींसाठीं तिसरा पट्टाच सोनेरी किंवा रुपेरी करतात. सोनेरी म्हणजे दहानें भागा, रुपेरी म्हणजे शंभरानें भागा. तांबडा, तांबडा, सोनेरी : २.२ ओहम.

आतां आपला ३९० ओहमचा रोधक ओळखणें सोपें झालें : नारिंगी, पांढरा, तपकिरी. तिसरा पट्टा नीट न पाहतां कोणी नारिंगी, पांढरा, काळा असा रोधक उचलला तर तो ३९ ओहमचा निघेल. मग प्रवाह दहापट वाढूं पाहील आणि दिवा जळेल. उलट तिसरा पट्टा तांबडा असलेला उचलला तर तो ३९०० ओहमचा. दिवा मंद पेटेल, परंतु इजा कांहीं होणार नाहीं. मंद प्रकाशांत काळा, तपकिरी व तांबडा हे रंग एकमेकांसारखे भासतात. यावरून एक व्यवहारी नियम निघतो : शंका असेल तेव्हां मोठ्या किमतीच्या बाजूनें चुकावें.

अधिक अचूक रोधकांवर पांच पट्टे असतात. त्यांत पहिले तीन आंकडे, चवथा शून्यांची संख्या व पांचवा फरकाचें प्रमाण सांगतो. कधीं सहावा पट्टाही असतो. तापमानाबरोबर रोध किती बदलेल हें तो दर्शवितो.

टोक कोणतें ?

वाचन कोणत्या टोकापासून सुरू करावें हा खरा कळीचा प्रश्न आहे. सोनेरी किंवा रुपेरी पट्टा कधींही आरंभीं येत नाहीं. तो असेल तर तें टोक उजव्या हातास धरावें. पुष्कळदां शेवटचा पट्टा इतरांपासून किंचित् दूर काढलेला असतो. परंतु पांच पट्ट्यांच्या रोधकांत शेवटचा पट्टा वारंवार तपकिरी असतो, आणि तेथें फसगत होते. तपकिरी, काळा, काळा, तांबडा, तपकिरी असे पट्टे असलेला रोधक डावीकडून वाचला तर १०० व पुढें दोन शून्यें, म्हणजे दहा हजार ओहम. तोच उजवीकडून वाचला तर तपकिरी, तांबडा, काळा, म्हणजे १२०, व पुढें शून्य नाहीं, १२० ओहम. दोन्ही उत्तरें शक्य, दोन्ही किमती बाजारांत मिळणाऱ्या ! अशा वेळीं तर्क लढवीत न बसतां मल्टिमीटरनें मोजून पाहावें. मोजतांना रोधक यंत्रांतून सुटा असावा, निदान त्याचें एक टोक तरी मोकळें असावें, आणि बॅटरी काढून ठेवावी. नाहींतर शेजारच्या मार्गांनीं जाणारी वीज मापांत मिसळते.

फरकाची कबुली

सोनेरी पट्टा म्हणजे शेंकडा ५, रुपेरी म्हणजे शेंकडा १०, आणि चवथा पट्टा मुळींच नसेल तर शेंकडा २० इतका फरक संभवतो. पांच पट्ट्यांत तपकिरी शेंकडा १ व तांबडा शेंकडा २ दर्शवितो. ४७०० ओहमचा सोनेरी पट्ट्याचा रोधक प्रत्यक्षांत ४४६५ पासून ४९३५ पर्यंत कोठेंही असूं शकेल. यांत लबाडी नाहीं. कारखान्यांत निघालेल्या दोन वस्तु तंतोतंत सारख्या नसतात. येथें कारागीर आपला फरक लपवीत नाहीं, मालावरच रंगवून देतो.

यावरूनच बाजारांतील विचित्र वाटणाऱ्या किमतींचें कोडें उलगडतें. १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ अशा बारा पायऱ्या व त्यांच्या दसपटी, शतपटी मिळतात. ३५ किंवा ५० सहसा मिळत नाहींत. शेंकडा १० फरक धरला तर दहाचा रोधक अकरापर्यंत जाऊं शकतो व बाराचा १०.८ पर्यंत उतरूं शकतो. म्हणजे मधील अकरा वेगळा काढण्यांत अर्थ नाहीं. दोन शेजाऱ्यांनीं तो आधींच व्यापला आहे. थोड्या पायऱ्यांत सर्व जिना बसविण्याची ही युक्ति आहे.

एक गोष्ट मात्र हे रंग सांगत नाहींत : रोधकास किती उष्णता सोसेल. ती त्याच्या आकारावरून ओळखावी लागते. आपल्या दिव्याच्या उदाहरणांत रोधकावर ७ व्होल्ट व ०.०१८ ॲम्पिअर, म्हणजे गुणाकारानें सुमारें ०.१३ वॉट उष्णता होते. पाव वॉटचा लहान रोधक तेथें पुरे. हिशेब न करतां लहानसा रोधक मोठ्या कामास जुंपला तर तो काळा पडतो, आणि त्याचे पट्टेही जळून वाचतां येईनासे होतात.

ज्यांस रंग दिसत नाहींत

येथें पालकांस एक विनंती आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभर पुरुषांपैकीं सुमारें आठांस, व दोनशें स्त्रियांपैकीं सुमारें एकीस तांबड्या-हिरव्या रंगांतील भेद नीट कळत नाहीं. इतर लोकांतही हा प्रकार आढळतो, व तोही पुरुषांत अधिक. परमाणुवादाचा प्रवर्तक जॉन डाल्टन यास हा दोष होता, आणि १७९४ सालीं त्यानें स्वतःच त्याचें वर्णन मँचेस्टर येथील विद्वत्सभेपुढें वाचलें. असा मुलगा तपकिरी पट्ट्यास तांबडा किंवा हिरवा म्हणेल, व घरचे किंवा वर्गांतील मंडळी त्यास निष्काळजी म्हणतील. तो निष्काळजी नसतो; त्याच्या डोळ्यांस तो भेद दिसतच नाहीं. मूल रंगांत वारंवार चुकत असेल तर रागावण्याच्या आधीं डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगपरीक्षा करून घ्यावी. आगगाडीचें इंजिन चालविण्यासारख्या कांहीं कामांस रंगांची पारख अवश्य असते. तेव्हां हें जितकें लवकर कळेल तितकें बरें. परंतु विज्ञानाचें दार यामुळें बंद होत नाहीं. डाल्टनचें झालें नाहीं. असा विद्यार्थी मल्टिमीटरनें प्रत्येक रोधक मोजून घेईल, आणि डोळ्यांवर विसंबणाऱ्या सोबत्यापेक्षां त्याच्या हातून चुका कमीच होतील. शिवाय आजच्या यंत्रांत मुंगीएवढे चपटे रोधक असतात; त्यांपैकीं कित्येकांवर आंकडेच छापलेले असतात व वाचण्याची रीत तीच : १०३ म्हणजे दहा, व पुढें तीन शून्यें.

एकामागें एक आणि शेजारीं शेजारीं

दोन रोधक एकामागें एक जोडले तर त्यांचे रोध मिळविले जातात. २२० व ३३० मिळून ५५० ओहम. प्रवाहास दोन्ही अडथळे ओलांडावे लागतात. परंतु तेच शेजारीं शेजारीं, म्हणजे दोन्हीचीं टोकें एकत्र बांधून जोडले, तर प्रवाहास दोन वाटा मिळतात व एकंदर रोध दोहोंहूनही कमी होतो. गुणाकारास बेरजेनें भागावें : २२० गुणिलें ३३०, भागिलें ५५०; उत्तर १३२ ओहम. एका दारानें बाहेर पडणाऱ्या सभेस दुसरें दार उघडून दिलें तर गर्दी लवकर ओसरते, त्यांतलाच हा प्रकार.

हा नियम केवळ वहींतील उदाहरणांसाठीं नाहीं. आपल्या घरांतील सर्व उपकरणें शेजारीं शेजारीं जोडलेलीं असतात, म्हणून एक दिवा मालवला तरी दुसरा चालू राहतो. दिवाळीच्या जुन्या माळांत बारीक दिवे एकामागें एक असत, म्हणून एक गेला कीं सारी माळ अंधारांत जाई. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. हजार वॉटच्या इस्त्रीचा रोध सुमारें ५३ ओहम, दीड हजार वॉटच्या किटलीचा ३५, दोन हजार वॉटच्या पाणी तापविण्याच्या बंबाचा २६. हीं तिन्ही एकाच फळीवर एकदम लावलीं तर एकंदर रोध १२ ओहमच्याही खालीं उतरतो व प्रवाह जवळजवळ २० ॲम्पिअर होतो. उपकरणें वाढविलीं तर रोध वाढेल असें वाटतें, परंतु तो घटतो, आणि त्याचा भार भिंतींतील तारेवर पडतो. त्या तारेंत एखादा सैल सांधा असेल व त्याचा रोध अर्धाच ओहम असेल, तरी १० ॲम्पिअर प्रवाहानें तेथें ५० वॉट उष्णता होते. २० ॲम्पिअरनें ती दुप्पट न होतां चौपट, म्हणजे २०० वॉट होते. भिंतींतील एका टिंबावर दोनशें वॉटची शेगडी पेटविल्यासारखें हें आहे. फ्यूज उडाला असतां त्यांत जाड तार घालणारा मनुष्य जागल्यास झोंपविण्याचेंच काम करतो.

आणि मनुष्याचें शरीर हाही एक रोधकच आहे. कोरड्या त्वचेचा रोध कित्येक हजार ओहमांपासून लाखापर्यंत असूं शकतो; परंतु अंग ओलें असतां तो हजार ओहमच्या आसपास येतो. २३० भागिलें १०००, म्हणजे ०.२३ ॲम्पिअर. हृदयाची लय बिघडून प्राण जाण्यास याच्या निम्मा प्रवाहही पुरे होतो. म्हणूनच घरांत बसवावयाची संरक्षक कळ जमिनीकडे गळणारा प्रवाह ०.०३ ॲम्पिअर होतांच वीज तोडते. 'ओल्या हातानें बटण दाबूं नको' असें आई म्हणते, तेव्हां ती ओहमचाच नियम सांगत असते.

विद्यार्थ्यांनीं प्रयोग अवश्य करावे. परंतु ते बॅटरीवरच करावे. भिंतींतील विजेवर चालणारें कोणतेंही उपकरण, तें बंद असलें तरी, जाणत्या मनुष्याच्या देखरेखीवांचून उघडूं नये. कारण त्यांतील कांहीं भाग वीज तोडल्यावरही कांहीं वेळ ती सांठवून ठेवतात. नऊ व्होल्टची एक बॅटरी, दोन-चार एल्. ई. डी. दिवे, दहा-बारा रोधक आणि एक साधा मल्टिमीटर एवढें साहित्य पुरे. प्रत्येक रोधक प्रथम रंगांवरून वाचावा, किंमत वहींत लिहावी, मग मोजून दुसरा आंकडा शेजारीं लिहावा, आणि दोहोंतील फरक सोनेरी पट्ट्यानें कबूल केलेल्या मर्यादेंत बसतो कीं नाहीं तें पाहावें. कोलोनच्या त्या शिक्षकानेंही तारा मोजल्या, आंकडे लिहिले व ते ताडून पाहिले. त्यास स्थिर दाबासाठीं बर्फ व उकळतें पाणी जमवावें लागलें. आपणांस तेंच काम दुकानांतील एका बॅटरीनें साधतें.